शंका वॉर्डातल्या: सिस्टिममध्ये काय लिहायचे, कधी आणि कुणासाठी

रुग्णालयातल्या संगणकीय नोंदींबद्दल, म्हणजे ईएचआरबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रत्येक रुग्णालयाची सिस्टिम वेगळी आणि बटणांची नावेही वेगळी, त्यामुळे 'कुठे क्लिक करू' याचे उत्तर इथे मिळणार नाही. चुका मात्र सगळीकडे साधारण त्याच ठिकाणी होतात, म्हणून भर त्यांच्यावर ठेवला आहे.

प्रश्न: एका ड्यूटीत दहा-बारा पेशंट असतात. प्रत्येकाजवळ उभे राहून टाइप करणे जमत नाही. बीपी, पल्स, टेंपरेचर चिठ्ठीवर लिहून घेते आणि ड्यूटी संपायच्या आधी एकदम भरते. आकडे खरेच असतात. मग काय बिघडते?
— स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड

आकडे खरे असतात, वेळ खोटी पडते. प्रत्येक नोंदीला दोन वेळा चिकटलेल्या असतात. एक, ती गोष्ट घडली ती वेळ. दुसरी, तुम्ही ती भरली ती वेळ. दुसरी वेळ सिस्टिम स्वतः टाकते आणि कुणालाही बदलता येत नाही. पहिली वेळ तुम्ही टाकायची असते, पण त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'आत्ता' आधीच भरलेले असते. घाईत ते तसेच राहते, आणि दहाचे बीपी अडीचचे होऊन बसते.

समजा दहा वाजता बीपी १८०/१०० होते. अकरा वाजता औषध दिले. एक वाजता बीपी १४०/८० आले, पण ते चिठ्ठीवरच राहिले. अडीच वाजता तुम्ही वेळ न बदलता आधी दहाचे बीपी सेव्ह केले. त्याच क्षणी राऊंडवरच्या डॉक्टरांनी स्क्रीन उघडला, तर त्यांना दिसते ते असे: औषध देऊन साडेतीन तास झाले, तरी बीपी १८०. ते आणखी एक डोस लिहितात. यात खोटे कुणीच लिहिलेले नाही.

धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या गुणांकांचेही असेच होते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेली आणि २०१७ साली सुधारलेली 'न्यूज' पद्धत अनेक सिस्टिममध्ये बसवलेली असते. श्वसनदर, ऑक्सिजनचे प्रमाण, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, वरचे बीपी, पल्स, शुद्धी आणि तापमान या सात गोष्टींवरून ती गुण काढते. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टरांनी पाहावे, ७ किंवा जास्त झाली की आणीबाणी समजावी. ही बेरीज सिस्टिम करते, पण तुम्ही आकडे भरल्यानंतर. सकाळी नऊ वाजताचे ७ गुण दुपारी अडीच वाजता कळले, तर त्या सूचनेत 'पूर्व' असे काही उरत नाही. जाता जाता: सात गोष्टींपैकी सर्वात जास्त अंदाजाने भरला जातो तो श्वसनदर. वॉर्डातल्या प्रत्येकाचा श्वसनदर १८ किंवा २० दिसला, की तो मोजलेला नाही हे कुणीही ओळखते. त्याला पूर्ण एक मिनिट द्यावे लागते, आणि पेशंट खालावतो तेव्हा बहुधा तोच आधी हलतो.

मग काय थांबू शकते आणि काय नाही? दिलेले औषध पेशंटजवळच, त्याच क्षणी भरायचे. यात सूट नाही. दिले पण भरले नाही, तर दुसरी सिस्टर पुन्हा देऊ शकते. नॉर्मलबाहेरचा आकडाही त्याच क्षणी भरायचा, आणि शिवाय तोंडी सांगायचा. आपण सिस्टिममध्ये टाकले म्हणजे डॉक्टरांना कळले, असे होत नाही. लघवीचे माप, ड्रेन, दर तासाचा सलाइनचा हिशेब हे त्या त्या तासाला. पेशंटला काय समजावून सांगितले, त्वचेची स्थिती, अंघोळ, कूस बदलणे अशा नोंदी थोड्या उशिरा चालतात. मात्र घडल्याची खरी वेळ टाकून.

उशीर झालाच, तर घडल्याची वेळ बदला आणि मजकुराच्या सुरुवातीला 'उशिरा केलेली नोंद' असे लिहा. कारण एका वाक्यात पुरे: 'शेजारच्या पेशंटच्या सीपीआरमुळे.' लपवायचे काही नाही. ऑडिट लॉगमध्ये (कुणी, काय, कधी केले याची सिस्टिमने ठेवलेली नोंद) दोन्ही वेळा दिसतातच, आणि उशीर उघड सांगितलेली नोंद तपासणीत टिकते. याच्या उलट प्रकार मात्र कधीही करू नका: दोनचे औषध दीड वाजता 'दिले' म्हणून टिक करून ठेवणे. मधल्या वेळात पेशंट एक्स-रेला गेला, उलटी झाली, औषध नाकारले, तर ती नोंद सरळ खोटी ठरते.

आणि ती चिठ्ठी. नावासकट साध्या कचऱ्यात टाकू नका.

प्रश्न: रोजची प्रोग्रेस नोट कालची कॉपी करून बदलतो. सगळेच करतात. सीनियर ओरडतात, पण वीस पेशंटच्या नोट कोऱ्या पानापासून लिहायला वेळ आहे कुठे?
— निवासी डॉक्टर, सर्जरी

सगळेच करतात हे खरे आहे. अमेरिकेतल्या एका शिक्षण रुग्णालयातल्या तेवीस हजारांहून अधिक प्रोग्रेस नोटांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हाताने टाइप केलेला मजकूर अवघा १८ टक्के निघाला. ४६ टक्के कॉपी केलेला आणि ३६ टक्के सिस्टिमने आपोआप ओढून आणलेला. तेव्हा कॉपी करूच नका असा उपदेश करण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो काय कॉपी करायचे याचा.

जे बदलत नाही, ते कॉपी करा: पूर्वेतिहास, जुन्या शस्त्रक्रिया, ऑपरेशनमध्ये काय सापडले. जे रोज बदलते, ते रोज लिहा: तक्रार, तपासणी, निष्कर्ष, पुढचे बेत. कॉपी केलेल्या नोटेत नेमके काय सडते ते सांगतो. 'ऑपरेशननंतरचा दिवस २' हे पाचव्या दिवशीही २ राहते. 'अँटिबायोटिकचा दिवस ३' वाचून दुसरा डॉक्टर कोर्स लांबवतो. काढलेला कॅथेटर नोटेत तसाच असतो, किंवा अजून घातलेला कॅथेटर नोटेतून गायब असतो आणि काढायची आठवण कुणालाच होत नाही. 'सीटी स्कॅन आज करायचा' हे वाक्य चार दिवस 'आज'च म्हणत राहते. उपाय सोपा आहे. 'आज', 'काल', 'दिवस तिसरा' असे शब्द नोटेतून हद्दपार करा आणि तारीख लिहा. 'सेफ्ट्रिअॅक्सोन ४ तारखेपासून, ८ तारखेला फेरविचार' हे वाक्य कॉपी झाले तरी खरेच राहते.

टेम्प्लेटचा धोका याहून वाईट, कारण तो दिसत नाही. एक क्लिक केला की 'हृदयाचे ठोके नॉर्मल, पोट मऊ, दोन्ही पायांच्या नाड्या लागतात' असे परिच्छेद उतरतात. ज्याचा एक पाय कापलेला आहे, त्याच्याही दोन्ही पायांच्या नाड्या लागतात. अशी एक ओळ सापडली, की वाचणारा बाकीच्या तपासणीवरही विश्वास ठेवत नाही, आणि त्याचे बरोबरच असते. न तपासलेले खोडा. चार ओळींची तपासणी, पण खरी, ही दीड पानाच्या 'नॉर्मल'पेक्षा उपयोगी आहे.

वेळ वाचवायचा असेल तर क्रम बदलून पाहा. आपण शिकलो तो क्रम म्हणजे आधी पेशंटची तक्रार, मग तपासणी व आकडे, मग निष्कर्ष, शेवटी बेत. त्याचे मूळ लॉरेन्स वीड या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलेल्या समस्याकेंद्री नोंदीत आहे. त्यांचा गाजलेला लेख १९६८ सालचा. तेव्हा नोट कागदावर होती आणि छोटी होती. आता वाचणाऱ्याला निष्कर्ष गाठायला तीन स्क्रीन खाली जावे लागते. म्हणून अनेक ठिकाणी निष्कर्ष आणि बेत वर, तक्रार आणि आकडे खाली अशी मांडणी करतात. लॅबचे आकडे नोटेत ओतू नका; ते सिस्टिममध्ये आहेतच. 'क्रिएटिनिन ६ तारखेला १.१, ८ तारखेला १.९, म्हणून एनएसएआयडी बंद' (मूत्रपिंडाचा आकडा वाढला, म्हणून वेदनाशामक थांबवले) हे लिहा. आकडा कुणालाही शोधता येतो, 'म्हणून'च्या पुढचे फक्त तुम्हालाच लिहिता येते.

प्रश्न: एकाच आडनावाचे दोन पेशंट होते. एकाची ऑर्डर दुसऱ्याच्या फाइलमध्ये गेली. लगेच लक्षात आले म्हणून डिलीट केली. एवढे पुरे ना?
— इंटर्न

नाही. ऑर्डर सेव्ह झाल्याच्या क्षणी ती फार्मसीत, लॅबमध्ये, सिस्टरच्या यादीत पोचलेली असते. स्क्रीनवरून गेली म्हणजे तिथूनही गेली असे धरू नका. आणि मुळात 'डिलीट' असे काही नसतेच. नोंद दिसेनाशी होते, लॉगमध्ये राहते.

क्रम असा ठेवा. आधी ऑर्डर थांबवा. लगेच त्या वॉर्डच्या सिस्टरना फोन करा किंवा स्वतः जा: औषध दिले गेले का, रक्त घेतले का? दिले असेल तर आता तो नोंदीचा प्रश्न राहिला नाही, पेशंटचा झाला. आधी त्याला पाहा आणि सीनियरना सांगा. मग फार्मसी आणि लॅबला कळवा. त्यानंतर चुकीच्या फाइलमधली नोंद 'चुकून केलेली नोंद' या पर्यायाने रद्द करा. त्या स्पष्टीकरणात दुसऱ्या पेशंटचे नाव घालू नका. 'अन्य रुग्णाची नोंद चुकून इथे झाली' इतके बस. नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याच्या फाइलमध्ये कायमची राहते. मग खऱ्या पेशंटच्या फाइलमध्ये ऑर्डर नव्याने टाका. ही पायरी विसरण्याचे प्रमाण बरेच आहे: चुकीचे निस्तरताना ज्याला औषध हवे होते तोच राहून जातो. शेवटी घटना-अहवाल भरा, पेशंटला काही झाले नसले तरीही.

या चुकीचे एक नेहमीचे कारण म्हणजे एकाच वेळी दोन-तीन फाइल उघड्या ठेवणे आणि मध्ये फोन येणे. फोन झाल्यावर पुढचे अक्षर टाइप करण्याआधी स्क्रीनच्या वरची पट्टी वाचा: पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक. बेड नंबर ही ओळख नव्हे, पेशंट बेड बदलतात. सारख्या नावांसाठी सिस्टिममध्ये इशारा लावता येतो. वॉर्ड क्लार्कना सांगून भरतीच्या वेळीच लावून घ्या. ऑर्डरच्या स्क्रीनवर पेशंटचा फोटो दिसण्याची सोय असेल तर ती जरूर चालू करून घ्या.

प्रश्न: दर ऑर्डरला अॅलर्ट येतो. न वाचता 'पुढे चला' दाबायची सवय लागली आहे. हे धोक्याचे आहे हे कळते, पण वाचत बसलो तर ओपीडी संध्याकाळपर्यंत संपणार नाही.
— फिजिशियन

सवय तुम्हाला एकट्याला नाही. २००६ सालच्या एका आढाव्यात वेगवेगळ्या अभ्यासांत ४९ ते ९६ टक्के सुरक्षा-अॅलर्ट डॉक्टरांनी ओलांडलेले आढळले. शंभरातले पंचाण्णव निरर्थक असतील, तर माणूस वाचणे सोडतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे.

त्याचा शेवट कुठे होऊ शकतो याचे एक जाहीर उदाहरण आहे. अमेरिकेत २०१३ साली एका सोळा वर्षांच्या मुलाला नेहमीची अँटिबायोटिकची गोळी द्यायची होती: १६० मिलिग्रॅमची एक. मुलाचे वजन ४० किलोपेक्षा कमी, म्हणून सिस्टिम डोस किलोमागे मागत होती. पहिला डोस गोळीच्या मापात बसेना, तेव्हा फार्मासिस्टने डोस नेमका १६० मिलिग्रॅम करून पुन्हा ऑर्डर टाकायला सांगितले. डॉक्टरांनी रकान्यात १६० लिहिले, पण शेजारचे एकक 'मिलिग्रॅम' नसून 'मिलिग्रॅम दर किलोला' होते. सिस्टिमने वजनाने गुणले आणि ऑर्डर झाली साडेअडतीस गोळ्यांची. डॉक्टरांना अॅलर्ट आला, फार्मासिस्टला आला. नेहमीच्या अॅलर्टच्या गर्दीत दोघांनी तो ओलांडला. पाकिटे भरणाऱ्या यंत्रमानवाने गोळ्या मोजून दिल्या. नर्सला आकडा खटकला, पण बारकोड स्कॅन केल्यावर सिस्टिमने 'बरोबर' सांगितले. ऑर्डर आणि गोळ्या जुळत होत्याच! मुलाला झटके आले, तो वाचला.

यातून तुमच्या कामाला घेण्यासारखे तीन मुद्दे. डोसचा आकडा टाकल्यावर शेजारचे एकक वाचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सिस्टिमने काढलेला शेवटचा हिशेब वाचा: किती गोळ्या, किती मिलिलिटर. तिथे गोळ्या दोनच्या वर किंवा इंजेक्शनच्या कुप्या दोन-तीनच्या वर दिसल्या की हात थांबला पाहिजे. दुसरे, वजनाचा रकाना. किलोऐवजी पौंडातला आकडा पडला तर डोस दुपटीहून जास्त होतो. तिसरे, तातडीची बदललेली ऑर्डर जुनीत दुरुस्ती करून न टाकता नवी टाकणे बरे. जुन्या ऑर्डरचे एकक तिच्याबरोबर चालत येते.

अॅलर्ट कमी करून घेणे हे तुमच्याच हातात आहे, फक्त मागणी नेमकी हवी. 'फार अॅलर्ट येतात' म्हणून काही होत नाही. आयटी विभागाकडून मागच्या तीन महिन्यांची यादी मागा: कोणता अॅलर्ट किती वेळा आला, किती वेळा ओलांडला गेला. वरचे वीस घेऊन औषध समितीसमोर ठेवा. त्यात हमखास सापडतात: आधीपासून सहन होत असलेल्या औषधाचा अॅलर्ट दर नूतनीकरणाला येणे, त्वचेवरच्या मलमाला पोटातल्या गोळ्यांचे नियम लागणे, आणि एकच औषध 'गरजेनुसार' व 'नियमित' असे दोनदा लिहिल्याबद्दलचा इशारा. हे बंद करा किंवा अडथळा न आणणाऱ्या पिवळ्या पट्टीत टाका. थांबवणारा अॅलर्ट फक्त त्यासाठी ठेवा, जिथे पुढे जाणे जवळपास कधीच योग्य नसते.

ओलांडण्याचे कारण विचारले तर '.' किंवा 'ओके' टाकू नका. 'आयएनआर रोज पाहतोय' (आयएनआर म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी) हे तीन शब्द फार्मासिस्टचा फोन वाचवतात.

प्रश्न: अॅलर्जीचा रकाना रिकामा असेल तर 'अॅलर्जी नाही' असे समजावे का?
— जीएनएम विद्यार्थिनी

रिकामा म्हणजे 'विचारले नाही'. विचारले आणि नाही, तर 'ज्ञात अॅलर्जी नाही' हा पर्याय निवडायचा. विचारता आले नाही (बेशुद्ध पेशंट, सोबत कुणी नाही) तर तसा तिसरा पर्याय असतो. अॅलर्जी असेल तर औषध यादीतूनच निवडा. मोकळ्या मजकुरात 'पेनिसिलिन' लिहिले तर माणसाला कळते, पण अॅलर्ट यंत्रणेला बहुधा ते दिसत नाही. आणि काय झाले तेही लिहा. 'अमॉक्सिसिलिनने जुलाब' ही अॅलर्जी नव्हे, दुष्परिणाम आहे. तो अॅलर्जीत टाकला तर पेशंटला पुढे वर्षानुवर्षे गरज नसताना वेगळी, कधी जास्त जहाल अँटिबायोटिके दिली जातात.

प्रश्न: औषध देताना मनगटपट्टी स्कॅन होत नाही. म्हणून काही जणी पेशंटच्या बारकोडची जादा स्टिकरे स्टेशनवर वहीत लावून ठेवतात आणि तिथेच स्कॅन करतात. प्रमुख म्हणून मी काय करू?
— वॉर्ड इन्चार्ज

वही आजच बंद करा, पण दम देऊन नव्हे. स्टेशनवर स्कॅन केले की स्कॅनिंगचा एकमेव उपयोग संपतो: हे औषध या माणसाच्या हातात जात आहे, हे त्यातून सिद्धच होत नाही. सिस्टिममध्ये मात्र ते सिद्ध झाल्याची हिरवी खूण उमटते. न स्कॅन केलेल्या डोसपेक्षा हे वाईट, कारण नंतर कुणी शंकाही घेणार नाही.

अशा पळवाटांवर २००८ साली एक प्रसिद्ध अभ्यास झाला. त्यात १५ प्रकारच्या पळवाटा आणि त्यांची ३१ कारणे नोंदली गेली, आणि कारणे बहुतेक करून अगदी साधी होती: चुरगळलेली किंवा भिजलेली पट्टी, संपलेली बॅटरी, वायरलेस न पोचणारा कोपरा, बारकोडच नसलेले औषध, पेशंटच्या खोलीत न शिरणारी ट्रॉली. तुमच्या वॉर्डात यांपैकी कोणते, ते एक आठवडा मोजा. स्कॅन न झालेल्या प्रत्येक डोसला कारण निवडायची सोय सिस्टिममध्ये असते; ती वापरायला सांगा आणि त्यासाठी कुणाला बोल लावू नका. पट्टी खराब असेल तर नवी छापून लगेच बांधायची. त्यासाठी प्रिंटर वॉर्डात हवा, दोन मजले खाली नाही. अर्धी गोळी द्यायची असेल तर फार्मसीने अर्ध्या गोळीचेच लेबल लावून पाठवावे. पट्टी मनगटाभोवती वळलेली असली की आडवा बारकोड वाचला जात नाही. चौकोनी ठिपक्यांचा कोड छापायला सांगा, तो वळणावरही बरा वाचला जातो.

आणि नव्या मुलींना सांगा: स्कॅनर ऑर्डर आणि औषध जुळते का एवढेच बघतो. ऑर्डरच चुकीची असेल तर तो आनंदाने 'बरोबर' म्हणतो. वरच्या साडेअडतीस गोळ्या आठवा.

प्रश्न: सिस्टिम चार तास बंद होती. कागदावर काम चालवले. आता ते सगळे परत भरायचे का?
— नर्सिंग सुपरवायझर

सगळे नाही. सगळे भरायला लावले तर दमलेल्या माणसांकडून नव्या चुका होतात. हे मात्र भरावेच लागते: दिलेली औषधे खऱ्या वेळेसह, नव्या अॅलर्जी, वजन, सलाइन व लघवीचा एकूण हिशेब, अजून चालू असलेल्या ऑर्डर, भरती-बदली-डिस्चार्ज. बाकी नोट, निरीक्षणाचे तक्ते स्कॅन करून फाइलला जोडा आणि सिस्टिममध्ये एक ओळ टाका: अमुक ते अमुक वेळेतल्या नोंदी कागदावर आहेत. ती ओळ नसेल तर पुढचा वाचणारा त्या चार तासांत काहीच झाले नाही असे समजतो.

क्रमही महत्त्वाचा. आधी औषधे भरा, आणि ती पूर्ण होईपर्यंत पुढचा डोस कागद पाहूनच द्या. सिस्टिम चालू होताच तिच्या यादीत सगळे डोस 'राहिलेले' लाल दिसतात आणि कुणीतरी दुसऱ्यांदा देते. कागदावर दिलेली आणि पूर्ण झालेली ऑर्डर, उदाहरणार्थ झालेला एक्स-रे, नव्याने टाकताना 'पूर्ण' म्हणून बंद करा. नाहीतर पेशंट पुन्हा एक्स-रेला जातो. बंद काळात तात्पुरत्या क्रमांकावर भरती केलेले पेशंट मूळ नोंदणीशी जोडण्याचे काम रेकॉर्ड विभागाचेच ठेवा. चुकीच्या दोन फाइल एकत्र झाल्या तर त्या सोडवणे फार कठीण असते.

पुढच्या वेळेसाठी प्रत्येक वॉर्डात एक पेटी हवी: कोरे औषध-तक्ते, ऑर्डर व लॅब फॉर्म, मनगटपट्ट्या, पेन, फोन क्रमांकांची यादी. शिवाय जनरेटरच्या लाइनवरचा एक संगणक, ज्यात दर काही मिनिटांनी औषध-याद्यांची फक्त वाचायची प्रत उतरत राहते. या संगणकाचा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे, हे आजच विचारा. प्रत्यक्ष वेळ आली की नेमके तेच अडते. आणि त्याला जोडलेल्या प्रिंटरमध्ये कागद आहे का, तेही.

प्रश्न: डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात, कधी स्वतःचे लॉगिन देऊन 'तूच टाक' म्हणतात. काय करावे?
— स्टाफ नर्स, आयसीयू

लॉगिन कधीही घेऊ नका आणि देऊ नका. त्या लॉगिनने केलेली प्रत्येक गोष्ट डॉक्टरांनी केली असे दिसते, आणि वाद झाला की ती तुम्ही केली हे सिद्ध करणे किंवा न करणे दोन्ही अशक्य होते. 'सर, माझ्या लॉगिनने तोंडी ऑर्डर म्हणून टाकते, तुम्ही नंतर सही करा,' असे म्हणा. त्यासाठीच सिस्टिममध्ये तो प्रकार असतो.

तोंडी ऑर्डर घेताना आधी टाइप करा, मग टाइप केलेले वाचून दाखवा, मग 'हो' ऐका. आकडे सुटे सुटे उच्चारा: 'पंधरा, एक-पाच'. दशांशाचे नियम सिस्टिममध्ये मोकळा मजकूर लिहितानाही तेच: 'अर्धा मिलिग्रॅम' म्हणजे ०.५, नुसते .५ नाही, कारण टिंब दिसले नाही तर ५ होतात. पाच म्हणजे ५, ५.० नाही, तिथे टिंब हरवले तर ५०. इन्सुलिनला 'युनिट' हा पूर्ण शब्द. इंग्रजी आद्याक्षर शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. हे नियम रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने २००४ साली 'वापरू नका' यादीत घातले, हस्ताक्षराच्या जमान्यात. टाइप केलेल्या मजकुरात हा घोळ सुटेल असे वाटले होते. छोट्या स्क्रीनवर आणि लेबलवर टिंब अजूनही हरवते.

प्रश्न: कोडिंग करताना, म्हणजे निदानाला ठरावीक सांकेतिक क्रमांक देताना, नोंदीतले निदान फार मोघम असते. डॉक्टरांना विचारले तर चिडतात.
— मेडिकल रेकॉर्ड विभाग

प्रश्न लेखी आणि छोटा ठेवा, आणि उत्तर सुचवू नका. 'सेप्सिस (संसर्गामुळे शरीरभर झालेला गंभीर बिघाड) होते ना?' असे विचारणे गैर. 'ताप ३९, पल्स १२०, रक्तात जिवाणू वाढले, नोंदीत युरोसेप्सिस लिहिले आहे. कृपया निदान स्पष्ट करावे: मूत्रमार्गाचा संसर्ग, त्यातून झालेला सेप्सिस, अन्य, सांगता येत नाही' असे विचारा. बहुतेक वेळा अडते ते चारच गोष्टींवर: डावे की उजवे, तीव्र की जुनाट, कारण कोणते, आणि भरतीच्या वेळी होते की इथे आल्यावर झाले. शेवटचे विशेषतः बेडसोरच्या बाबतीत. भरतीच्या दिवशी त्वचा पाहून लिहिले नसेल, तर ती जखम रुग्णालयात झाली असे धरले जाते. नोटेच्या टेम्प्लेटमध्ये हे चार रकाने आधीच ठेवून घेतले, तर विचारावे लागणाऱ्या शंका पुष्कळ कमी होतात.

प्रश्न: बोलून नोट टाइप करणारी सिस्टिम आली आहे. कितपत भरवसा ठेवावा?
— निवासी डॉक्टर, मेडिसिन

वेगासाठी उत्तम. सही करण्याआधी वाचायचेच, आणि वाचताना सगळीकडे सारखे लक्ष न देता तीन जागा धरा. 'नाही' हा शब्द: 'छातीत दुखत नाही' मधला 'नाही' गळला तर अर्थ उलटतो. औषधांची सारख्या उच्चारांची नावे. आणि आकडे, विशेषतः पंधरा-पन्नास यांसारखे. संभाषण ऐकून स्वतः नोट तयार करणाऱ्या सिस्टिममध्ये चौथी जागा वाढते: न केलेली तपासणी. तुम्ही पोट तपासले नसेल आणि नोटेत 'पोट मऊ' आले असेल, तर ते खोडा. नातेवाइकाने स्वतःच्या आजाराबद्दल बोललेले पेशंटच्या इतिहासात गेले आहे का, हेही पाहा.